आधी फिरायला जा, मग सेवेचं बघू

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतची यादीही. कॉलेजला जाण्याआधी वर्षभर थांबायचं ठरवलंस, ते मला आवडलं. घरात ‘वर्ष वाया जाणार’ ही चर्चा चालू असेल, तर चालू दे. एवढंच कर की प्रवेश आधी घे आणि तो वर्षभर पुढे ढकलता येईल का, हे विद्यापीठाला लेखी विचार. हार्वर्डसारखं विद्यापीठसुद्धा प्रवेश मिळालेल्या मुलांना वर्षभर थांबण्याचा विचार करायला सांगतं. जागा हातात असली की आईचा विरोध निम्म्यावर येईल.

आता यादी. कंबोडियातल्या अनाथाश्रमात पंधरा दिवस इंग्रजी शिकवणं, मग दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे सांभाळणं आणि शेवटी कोस्टारिकात समुद्री कासवं. यातलं पहिलं मी खोडलं आहे, दुसरंही. रागावू नकोस, कारण सांगते.

अनाथाश्रमाचं आधी. तुझ्या मनात चित्र असं आहे की तिथं आईबाप नसलेली मुलं आहेत, त्यांना शिक्षक नाहीत आणि तू जाऊन ती उणीव थोडी भरून काढशील. कंबोडियात २००५ नंतरच्या काही वर्षांत पर्यटक वाढत गेले तसे अनाथाश्रमही वाढत गेले, आणि पाहणी झाली तेव्हा दिसलं की तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. नेपाळमध्येही अशी बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच दाटीनं उभी राहिली. परदेशी पाहुणा पैसे देतो, त्याला मुलं दिसायला हवी असतात, म्हणून गावोगाव फिरून गरीब आईबापांना ‘शहरात शिकवतो’ असं सांगून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हाच्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी याच गुलामगिरीत धरली गेली. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणारं नुकसान रोखा, असं सगळ्या देशांना सांगितलं.

तू म्हणशील, मी निवडलेली संस्था प्रामाणिक असली तर? असेलही. तरी पंधरा दिवसांचा प्रश्न उरतोच. मुलगी तुझ्या मांडीवर येऊन बसेल, गळ्यात पडेल, तुला भरून येईल. तिच्याकडून बघ. दर पंधरवड्याला एक नवी ताई येते, जीव लावते आणि बॅग उचलून निघून जाते. ज्या मुलांना आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्यांना पुन्हा पुन्हा तेच झेलावं लागतं. अनोळखी माणसाला पहिल्याच मिनिटाला मिठी मारणारं मूल लाघवी आहे असं आपल्याला वाटतं. बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांना त्याच वागण्यात धोक्याची खूण दिसते. इंग्रजीचं म्हणशील तर दर पंधरवड्याला नवा शिक्षक आला की धडा पुन्हा ‘तुझं नाव काय’पासूनच सुरू होतो.

छाव्यांचं थोडक्यात सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणी ‘अनाथ’ म्हणून बाटलीनं दूध पाजायला देतात ती पिल्लं पैदास केंद्रात जन्मलेली असतात. आई पुन्हा लवकर माजावर यावी म्हणून ती जन्मानंतर काही दिवसांतच तिच्यापासून तोडतात. माणसाला सरावलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. मोठा झाला की तो कुंपणातल्या शिकारीसाठी विकला जातो, किंवा त्याच्या हाडांचा व्यापार होतो. हा सगळा धंदा बंद करण्याचं धोरण तिथल्या सरकारनं २०२१मध्ये जाहीर केलं. जिथं जंगली प्राण्याला हात लावू देतात तिथं जाऊ नये, एवढं लक्षात ठेवलंस तरी प्राण्यांच्या बाबतीत फारशी फसणार नाहीस.

कासवं मात्र राहू दे! कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरवी कासवं साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात अंडी घालायला येतात आणि तिथं त्यांचा अभ्यास १९५०च्या दशकापासून चालू आहे. रात्रभर किनारा तुडवायचा, पांढरा दिवा लावायचा नाही, कासव दिसलं की पाठीची मापं घ्यायची, अंडी मोजायची, वल्ह्यासारख्या पायावरचा ओळखीचा बिल्ला तपासायचा, वहीत नोंद करायची. झोप मिळत नाही, पाऊस लागतो, कित्येक रात्री काहीच दिसत नाही. हे काम तू दोन दिवसांत शिकू शकतेस, त्याला माणसं खरंच जास्त लागतात, आणि तू निघून गेल्यावरही तुझी नोंद तिथं उपयोगी पडते. शिवाय त्या कासवाला तुझा लळा लागण्याची भीती नाही.

माझा निकष असा. अठरा वर्षांच्या, काहीच न शिकलेल्या हातांना जमेल आणि अर्धवट सोडलं तर कुणाचं बिघडणार नाही, असं काम बघ. भिंती बांधायला जाऊ नकोस. गवंडी सगळीकडे असतात आणि त्यांना रोजगार हवा असतो. दवाखान्यात तर मुळीच नको. तुझ्या देशात तुला जे करायची परवानगी नाही, ते दुसऱ्या देशातल्या गरिबावर करून बघायची परवानगी कुठून आली?

हा शहाणपणा माझा एकटीचा नाही, मोठ्या संस्था या वाटेनं आधी जाऊन आल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ साली व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली ती तुझ्यासारखीच, शाळा संपवून कॉलेजची वाट बघणारी मुलं परदेशी पाठवण्यासाठी. काही वर्षांतच ती पदवीधर पाठवू लागली आणि पुढे कामाचा अनुभव असलेले लोक. यजमान देशांना हवे होते ते शिक्षक, परिचारिका, अभियंते. परदेशी स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची पीस कोअर १९६१पासून आहे. तिथली मुदत सत्तावीस महिन्यांची असते आणि त्यातले पहिले सुमारे तीन महिने भाषा आणि काम शिकण्यातच जातात. तेवढ्या वेळात तू परतसुद्धा आलेली असशील.

पियेर सेरेसोल या स्विस माणसाचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० साली त्यानं काही मित्र जमवले आणि व्हर्दूंजवळचं एक उद्ध्वस्त फ्रेंच गाव पुन्हा उभं करायला घेतलं. त्या तुकडीत जर्मनही होते. कल्पना उदात्त होती, मेहनत खरी होती, पण काही महिन्यांत त्यांना गाव सोडावं लागलं. कालपरवापर्यंत ज्यांच्याशी लढलो ते जर्मन लोक आपल्या गावात राबताहेत, हे तिथं अनेकांना पचलं नाही. तुझ्या मनात कितीही चांगलं असो, तू कुणाला हवी आहेस आणि कुणाला नको, हे गाव ठरवणार. सेरेसोल खचला नाही. त्या कामातून पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली, आणि १९३४च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही येऊन राबला. त्या संस्थेची छोटी श्रमशिबिरं आजही वेगवेगळ्या देशांत भरतात. ती जरूर बघ.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या पत्रात ‘सेवा’ हा शब्द बराच आहे, ‘फिरणं’ जवळजवळ नाहीच. मला वाटतं तुला फिरायचं आहे आणि नुसतं फिरायला जाते म्हणायची लाज वाटते. लाजू नकोस. अठराव्या वर्षी जग बघावंसं वाटणं ही पुरेशी सबब आहे, तिच्यावर परोपकाराची झूल घालायची गरज नाही. नुसती प्रवासी म्हणून गेलीस तर तू स्थानिक खाणावळीत जेवशील, स्थानिक बसनं जाशील, कुणाच्या तरी घरात भाड्यानं राहशील आणि पैसे सरळ त्यांच्या हातात पडतील. त्या माणसांशी तुझं नातं गिऱ्हाइकाचं असेल, तेही चांगलं नातं आहे. आणि फिरता फिरता एखाद्या जागेचं काम तुला कळत जाईल.

स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागो या पायी यात्रेच्या वाटेवर हे छान दिसतं. तिथल्या देणगीवर चालणाऱ्या अनेक धर्मशाळा स्वयंसेवक सांभाळतात. सहसा पंधरा दिवसांची पाळी असते. यात्रेकरूंची नोंद करायची, संडास-बाथरूम घासायचं, रात्री फोड आलेल्या पायांकडे बघायचं. यासाठी अट काय, तर तू ती वाट स्वतः चाललेली असावीस आणि छोटं प्रशिक्षण घेतलेलं असावं. पाय दुखणं म्हणजे काय, हे आधी अंगावर काढलेलं हवं. मला विचारशील तर वर्षाचे पहिले महिने चालण्यात घालव.

पैसे कमी पडणार, हे तू कबूल केलंस. शेतावर राहून काम करायचा मार्ग आहे. वुफ ही पद्धत १९७१पासून चालू आहे, दिवसाचे चार-सहा तास काम आणि त्या बदल्यात जेवण-राहणं. पण व्हिसाचं भान ठेव. पैसे हातात येत नाहीत म्हणून ते काम नाही, असं तुला वाटेल. जेवणाखाणाच्या बदल्यात केलेलं काम अनेक देश कामच धरतात आणि पर्यटक व्हिसावर आलेल्याला विमानतळावरून परत धाडतात. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलीस तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, त्यापुढे नाही. युरोपातल्या शेंगेन गटाच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि हा हिशोब सगळ्या देशांचा मिळून असतो. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर ही युरोपीय संघाची स्वयंसेवा योजना अठरा ते तीस वयाच्या मुलांचा राहण्या-जेवण्याचा खर्च उचलते. तुझ्या नागरिकत्वाला कुठले प्रकल्प खुले आहेत ते तपास.

शरीराचं तेवढं टाळू नकोस. पिवळ्या तापाची लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेऊन चालत नाही. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. रेबीजची लस आधी घेतलीस तरी कुत्रं चावल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात. विम्यात आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च धरला आहे का बघ. आणि भाड्याची स्कूटर! परवान्यात दुचाकी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि तरुण प्रवाशांचे हातपाय तिथंच मोडतात.

मी बरीच वर्षं स्वयंसेवकांचे अर्ज वाचले, तेव्हा संस्था कशी ओळखायची ते सांगते. त्यांना विचार की मी नाही आले तर हे काम कोण करेल, आणि मी भरते त्या शुल्कातला किती भाग त्या गावात पोचतो. मग त्यांनी तुला काय विचारलं ते बघ. चांगली संस्था छळते. ती संदर्भपत्रं मागते, मुलांच्या आसपासचं काम असेल तर पोलिस पडताळणी मागते, मुलाखत घेते, कधी कधी नकोही म्हणते. ज्यांनी कार्डाचा नंबर सोडून काहीच विचारलं नाही, त्यांचं पान बंद कर.

कोस्टारिकाच्या संस्थेला आजच लिही, हंगामाच्या जागा लवकर भरतात. उत्तर आलं की जसंच्या तसं मला पाठव, शुल्काचा तपशीलही. आणि आईला सांग की रात्रीच्या किनाऱ्याबद्दल तिला जे विचारायचंय ते मला विचारू दे, रविवारी मी घरीच आहे.

तुझी,
मावशी