निचरा नळी की परतीची नळी?

प्रश्न असा आलाय: आयटीआयच्या पोरांसाठी टर्बोचार्जर (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) बसवायची माहिती मराठीत लिहायचीय, ऑइल फीड लाइनला 'पुरवठा नळी' लिहिलं, पण ड्रेन लाइनला 'निचरा नळी' म्हणू की 'परतीची नळी', कारण ऑइल शेवटी इंजिनातच परत जातं ना?

निचराच लिहा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत, आणि ते ऑइल वरच्या बारीक पाइपातून इंजिनच्या पंपाच्या प्रेशरने येतं. बेअरिंगमधून पार झालं की प्रेशर संपलं, ऑइलमध्ये हवा मिसळून फेस झालेला, आणि तिथून खाली चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यापर्यंत, जायचं ते फक्त स्वतःच्या वजनावर. म्हणून तर खालचा पाइप वरच्यापेक्षा कितीतरी जाड असतो. 'परतीची' म्हटलं की कुठे जायचं ते कळतं, कसं जायचं ते कळत नाही, आणि चुका होतात त्या ह्या 'कसं'मध्येच.

कुर्ल्याच्या एका गॅरेजात मी हे डोळ्यांनी बघितलंय. डिझेल गाडी, सायलेन्सरमधून निळा धूर, मालक नवा टर्बो घ्यायच्या तयारीत. मिस्त्रीने खाली शिरून टॉर्च मारला, तर कोणीतरी आधी बसवलेला रबरी ड्रेन पाइप लांब झाल्याने मध्येच लोंबत होता, पोट आलेलं, त्यात ऑइल साचलेलं. म्हणाला, "टर्बो चांगलाय ओ, ह्याला ढाळच नाय!" ढाळ! मोरीच्या लादीला, गच्चीला देतो तोच ढाळ, किती नेमका शब्द. खाली उतरायला वाट नाही म्हणून ऑइल मागे तुंबलं, सीलमधून टर्बाइनच्या, म्हणजे गरम धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, बाजूला गेलं आणि जळलं. पाइप कापून सरळ उतरता केला, धूर हळूहळू बंद झाला. तुमच्या माहितीत 'ढाळ' आणि 'तुंबणे' हे दोन शब्द नक्की घाला, पोरांना चित्र लगेच दिसेल.

अजून एक, पाइपाचं तोंड चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वरच उघडायला हवं. हे मुंबईकराला वेगळं समजवायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात समुद्राला भरती, मग नाल्यांचं पाणी जाणार कुठे? पाइपाचं तोंड ऑइलखाली बुडालं की टर्बोचं तेच होतं.

'ऑइल'ला 'वंगण' करायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, वंगण म्हटलं की बैलगाडीच्या आसाचं काळं घट्ट वंगण आठवतं, आणि इथे तर वाहतं ऑइल पाहिजे. एक मात्र सांभाळा, ऑइल बदलताना चेंबरखालचा नट काढतात त्यालाही ड्रेनच म्हणतात, म्हणून 'टर्बोची निचरा नळी' असं पूर्ण लिहा. आणि 'गळती' शब्द ह्या नळीसाठी चुकूनही नको, गळती म्हणजे बिघाड, निचरा म्हणजे काम नीट चाललंय.

काही गाड्यांत टर्बो इतका खाली बसवतात की ढाळ मिळतच नाही, मग ऑइल ओढून घ्यायला वेगळा पंप लावतात, जसं हाजी अली, इर्ल्याला पालिकेने पंप बसवलेत पावसाचं पाणी समुद्रात टाकायला. तिथे मात्र निचरा लिहू नका, ती 'उपसा नळी'.