सेटवरील बंदुकीची इजा आणि दोन वर्षांची मुदत

पिस्तूल झाडणाऱ्या नायकावर गुन्हा दाखल होईल का, हा आपला प्रश्न सेटवर जखमी झालेला जवळजवळ प्रत्येक जण सर्वांत आधी विचारतो. आपण साहाय्यक कॅमेरामन आहात. ऑगस्ट 2024 मध्ये चार फुटांवरून झाडलेल्या ब्लँकचा, म्हणजे गोळी नसलेल्या, नुसती दारू भरलेल्या काडतुसाचा, बोळा लागून आपल्या डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली आणि निर्माता म्हणतो, जबाबदारी शस्त्रे पुरवणाऱ्या ठेकेदाराची.

पिस्तुलाची नळी कोणी तपासायची होती, हा वाद लांबतो आणि त्याचा निकाल अनपेक्षित लागतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ऑक्टोबर 2021 मध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर छायालेखिका हलिना हचिन्स गोळी लागून मरण पावल्या. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञ महिलेला 2024 मध्ये 18 महिन्यांची कैद झाली, साहाय्यक दिग्दर्शक सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सुटला आणि पिस्तूल हातात असलेल्या अभिनेत्यावरील खटला, सरकार पक्षाने पुरावा दडवल्यामुळे, जुलै 2024 मध्ये रद्द झाला.

आपल्याला त्या वादात आधी शिरण्याचे कारणच नाही. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली कोणाचा निष्काळजीपणा होता हे सिद्ध करावे लागत नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे दाखवले की पुरते. चित्रपटनिर्मितीतील कामगार त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि आपल्याला ठेकेदारामार्फत घेतले असले तरी कलम 12 प्रमाणे मूळ मालकाकडे, म्हणजे निर्मात्याकडे, भरपाई मागता येते. मात्र कलम 10 प्रमाणे हा अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि आपण त्यांतले बावीस महिने ‘पिक्चर लागल्यावर बघू’ या तोंडी आश्वासनावर घालवलेत. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण तोंडी आश्वासनाला सबळ कारण मानतील या भरवशावर मी कोणाला बसवणार नाही.

महसुली तिकिटावर सही करून पन्नास हजारांना ‘हिशेब पुरा’ लिहून दिलेत, तेही न वाचता. कलम 17 मुळे हक्क सोडल्याचा असा करार सहसा टिकत नाही. ती रक्कम वजा होईल की नाही, हे मात्र या कायद्याखालील दावे ऐकणाऱ्या आयुक्तांवर अवलंबून राहील. 1923 च्या कायद्याची जागा घेणारी नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असल्याने अर्ज कोणापुढे चालावा असा आक्षेप समोरचा वकील घेईल. अपघात त्याआधीचा आहे, हे आपले उत्तर.

फौजदारी तक्रारीला तुलनेने वेळ आहे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही जबर दुखापत ठरते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खालील त्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची आहे. नायक त्यात अडकेल की शस्त्रपुरवठादार, हे पंचनामा पाहिल्याशिवाय सांगणे धाडसाचे होईल.

या आठवड्यात त्या दिवशीची कॉलशीट (चित्रीकरणाला कोणी, कधी, कुठे यायचे याचा कागद), रोजंदारीची व्हाउचरे आणि नेत्रतज्ज्ञाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन आपल्या शहरातील कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. दुसरा डोळा शाबूत असून बुबुळ विद्रूप झाले नसेल, तर 1923 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे कमाईक्षमतेची हानी 30 टक्के धरली जाते. कॉलशीट व्हॉट्सॲपवर आली असेल तर तो फोन बदलू नका, विकू नका.