मुलांची सीट, पिग्मीचे पैसे आणि चुकीच्या नावावरचा विमा

बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी करणाऱ्या, ३६ वर्षांच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. हातात येणारा पगार ५५ हजार. पत्नी घर सांभाळते. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची. महिन्यातून दोनदा हे चौघे वडिलांच्या नावावरील मोटारीने कोल्हापूरला सासरी जातात. सोसायटीतील (पतसंस्थेतील) पिग्मीचे, म्हणजे रोज थोडे थोडे भरायच्या ठेवीचे, ३६ हजार रुपये पुढील महिन्यात सुटणार आहेत. त्यांतून मुलीसाठी १६ हजारांची चाइल्ड सीट व मुलासाठी ५ हजारांचा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) घ्यावा, की ‘दोन वर्षांत अडगळीत जाणाऱ्या वस्तूंऐवजी’ मुलीच्या नावे आणखी एक पॉलिसी काढावी, असे त्यांनी विचारले आहे.

सीट घ्या, आणि पुढच्या कोल्हापूर फेरीच्या आधी घ्या. आपण लिहिता की मुलगी आईच्या मांडीवर बसते आणि आई तिला घट्ट धरून असते. ताशी ५० किलोमीटर वेगातील मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर अंगावर येणारा जोर वजनाच्या सुमारे वीसपट असतो. मुलीचे वजन १३ किलो धरले तरी हा जोर २६० किलोंचा, म्हणजे पंचवीस किलोच्या दहा पोत्यांचा होतो, आणि तो कोणत्याही आईच्या हातांत मावणारा नाही. महामार्गावर तर आपला वेग याहून बराच जास्त असतो. मुलाला लावलेला मोठ्यांचा पट्टा मानेवर आणि पोटावर येतो; बूस्टरमुळे तो खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसतो. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा सीटविना बसवल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीने घ्यायची ही वस्तू नव्हे.

अडगळीची शंका मात्र रास्त आहे, कारण दुकानदाराने दाखवलेली सीट केवळ १८ किलोंपर्यंतच चालते. त्याच किमतीच्या आसपास ९ ते ३६ किलोंची, पुढे बूस्टर होणारी सीट मिळते. ती मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत पुरेल आणि वर्षाला दोन हजार रुपये पडतील. मागील बाकावर तीन ठिकाणी अडकणारे पट्टे आहेत ना आणि सीट तेथे घट्ट बसते ना, हे दुकानातच मोटार नेऊन पाहावे. कोणाची वापरलेली सीट मिळत असेल, तर ती अपघातातून आलेली नाही याची खात्री असल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न येथे संपतो. पण आपल्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीने मी अधिक अस्वस्थ झालो.

आपण दोन्ही मुलांच्या नावे प्रत्येकी ४२ हजारांच्या वार्षिक हप्त्याच्या पॉलिसी तीन वर्षांपूर्वी घेतल्या आणि सोबत जोडलेल्या कागदानुसार त्यांत विमा मुलांच्या जिवाचा आहे. प्रस्तावकाचा, म्हणजे पॉलिसी काढणाऱ्या आपला, मृत्यू झाल्यास पुढील हप्ते माफ करणारा रायडरही (जोड-संरक्षण) घेतलेला नाही. म्हणजे उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर घरात पैसा येणार नाही. उलट ८४ हजारांचा वार्षिक हप्ता विधवा पत्नीपुढे उभा राहील. कमावत्याला सोडून चार वर्षांच्या मुलाचा विमा विकणाऱ्या एजंटाला, तो आपला मामेभाऊ असला तरी, मला सज्जन म्हणवत नाही.

‘मोटारीच्या विम्यात १५ लाखांचा अपघात विमा आहेच’ या समाधानालाही आधार नाही. ते संरक्षण परवानाधारक मालक-चालकाचे असते आणि मालक आपले वडील आहेत. शिवाय माणूस आजारानेही जातो.

आता परतावा. वीस वर्षांत १६ लाख ८० हजार भरून २८ लाख मिळतील असे सांगितले गेले. हा दर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. महागाई सहा टक्के धरली, तर आणखी सतरा वर्षांनी मिळणारे ते २८ लाख आजच्या सुमारे १० लाख ४० हजारांएवढे असतील. आपण त्यातून मुलाच्या इंजिनिअरिंगबरोबर मुलीचे लग्नही करायला निघाला आहात!

क्रम चुकवू नका. आधी स्वतःच्या जिवावर एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. निर्व्यसनी व निरोगी माणसाला आपल्या वयात वर्षाला साधारण १५ हजार पडतात. अर्जात आजार लपवू नका. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुन्या दोन्हींचे सरेंडर मूल्य (आज पॉलिसी मोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास उरणारी विमा रक्कम) कंपनीकडून लेखी मागवा. सरेंडर केल्यास भरलेल्या अडीच लाखांतील निम्मेही परत येतील असे वाटत नाही, आणि त्या दुःखापोटी आणखी सतरा वर्षे हप्ते भरणे हा त्याहून मोठा तोटा आहे. वाचलेली रक्कम कोठे गुंतवावी, ते मूल्यांचे कागद आले की कळवीन. तोवर ती सोसायटीत टाकू नका, कारण पाच लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांना असते, पतसंस्थांना नाही.

तिसरी पॉलिसी अर्थातच नको. पिग्मीच्या ३६ हजारांतून सीट व बूस्टरचे २१ हजार वजा जाता १५ हजार उरतात, आणि टर्म विम्याचा पहिला हप्ता तेवढाच आहे.