पर्शियन मांजर घ्यायचं आहे. खर्च किती आणि आजार कोणते?
पिल्लाची किंमत एकदाच मोजता, खरा खर्च पुढे १२-१५ वर्षं चालतो: खाणं, लिटर (शी-शूसाठीची वाळू), लसी, नसबंदी. रोज विंचरलं नाही तर केसांच्या गाठी होतात, मग भादरावंच लागतं. चपट्या नाकामुळे डोळे सतत पाणावतात; मे महिन्याच्या उकाड्यात धाप लागते, म्हणजे विजेचं बिलही धरा.

मला सर्वांत काळजी वाटते ती मूत्रपिंडांची. त्यांत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार, पीकेडी, पर्शियनमध्ये आनुवंशिक आहे. आई-बापांपैकी एकाला असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो, आणि लक्षणं बहुधा ७व्या वर्षाच्या आसपास दिसतात. म्हणून पैसे देण्याआधी दोघांच्या डीएनए चाचणीचा अहवाल मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका.