मालदीवच्या उथळ पाण्यात फिरणारे काळ्या टोकाचे शार्क माणसाला धोकादायक असतात का?

दिवाळीच्या सुट्टीत सात वर्षांच्या मुलीला घेऊन मालदीवला जाताय, ज्या बेटावर बुकिंग केलंय तिथल्या व्हिडिओत गुडघाभर पाण्यात शार्क फिरताना दिसले, तर मुलीला पाण्यात सोडायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय. सोडा. फक्त दोन-तीन गोष्टी तिला आधी शिकवा. त्या का शिकवायच्या हे तुम्हालाही कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा मालवणचा. आधी अंदमानात आणि मग चार हंगाम मालदीवमध्ये डायव्हिंग गाइड म्हणून काम केलं. तिकडे हा मासा मी जवळजवळ रोज पाहिलाय, आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे.

याचं नाव ब्लॅकटिप रीफ शार्क. पाठीवरच्या पराचं टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळंभोर आणि त्याच्या खाली फिकट पट्टा. हा पट्टा नीट बघा, कारण नुसता 'ब्लॅकटिप' म्हणतात तो शार्क वेगळा, आकाराने बराच मोठा. इंटरनेटवर दोघांची माहिती सर्रास एकत्र झालेली असते आणि वाचणारा उगाच घाबरतो. आपल्याकडे बाजारात येणारी मोरी, मुंबईकडे जिला मुशी म्हणतात, तीही बहुतेक वेळा याच कुळातली. पण ती गढूळ, चिखलट पाण्यात राहणारी आणि हा प्रवाळाचा रहिवासी.

पूर्ण वाढलेला मासा साधारण दीड मीटरचा. त्याला सतत पोहत राहावंच लागतं, कारण पुढे सरकताना तोंडातून आत येणारं पाणी कल्ल्यांवरून गेलं तरच त्याला श्वास मिळतो. आणि एवढं पोहूनही तो फार लांब जात नाही. प्रशांत महासागरातल्या पामायरा बेटाजवळ मोजणी झाली तेव्हा एकेका शार्कचा वावर जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरचा निघाला. म्हणजे तुमच्या बेटासमोर जो शार्क सोमवारी दिसेल, तोच बहुधा शुक्रवारीही दिसेल. आम्ही गाइड मंडळी परावरच्या खाचांवरून त्यांना ओळखायचो.

मादी अंडी घालत नाही. पिल्लं पोटात नाळेवर वाढतात. ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर या शार्कचा खूप अभ्यास झालाय. तिथे हा गर्भकाळ जवळपास दहा महिने भरला आणि एका वेळी दोन ते पाच पिल्लं झाली. काही माद्या तर पिल्लं द्यायला खोल समुद्र ओलांडून पन्नासेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या बेटावर गेल्या. एरवी अर्ध्या चौरस किलोमीटरात राहणारा जीव! जन्मतः पिल्लू दीड-दोन वीत लांब असतं आणि मोठे शार्क, मोठे गोब्रे (ग्रूपर मासे) त्याला गिळू शकतात. म्हणून ते मोठ्यांना पोचता येणार नाही इतक्या उथळ पाण्यात राहतं. तुमच्या व्हिडिओत पुळणीला लागून दिसणारे बरेचसे शार्क म्हणजे ही लपायला आलेली बाळं आहेत.

एकदा पहाटे धक्क्याच्या पायरीवर बसलो होतो. पाण्यात चांदीच्या चुऱ्यासारखा बारीक माशांचा थवा होता. अचानक त्यात एक गोल भोक पडलं आणि भोकाच्या मधोमध हातभर लांबीचं पिल्लू. ते जिकडे वळेल तिकडे भोक सरकायचं. मग त्याने झटका मारला. सात-आठ मासे उडून ओल्या वाळूवर पडले आणि पिल्लू त्यांच्यामागे इतकं वर आलं की अर्धी पाठ उघडी पडली. क्षणभर वळवळलं आणि पुढच्या लाटेबरोबर परत गेलं. पाठीवरचा पर माझ्या अंगठ्याएवढा होता.

आता धोक्याचं. जगभरातल्या शार्कच्या चाव्यांची नोंद फ्लोरिडातल्या एका संग्रहालयात ठेवतात. 2009 पर्यंत तिथे या जातीचे 21 चावे नोंदले होते आणि त्यातले 11 माणसाने न डिवचता झालेले. त्यांत मृत्यू एकही नाही. किरकोळ चावे बऱ्याचदा नोंदलेच जात नाहीत. पण चावे कुठे होतात ते बघा. बहुतेक पायांवर, पाण्यातून चालणाऱ्या माणसांना. पोहणाऱ्या माणसाचं अख्खं शरीर शार्कला दिसतं, आपल्यापेक्षा मोठा प्राणी म्हणून तो लांब राहतो. गुडघाभर पाण्यात मात्र त्याला माणूस दिसतच नाही. दिसतात दोन फिकट पाय, आणि त्यांची चपचप तडफडणाऱ्या माशासारखी ऐकू येते. मार्शल बेटांवरचे लोक म्हणूनच अशा पाण्यातून चालण्याऐवजी अंग बुडवून पोहत जातात.

मी स्वतः एकच चावा पाहिला. संध्याकाळी मासे साफ करून त्याची आतडी धक्क्याजवळच टाकत होते, आणि एक पाहुणा तिथेच पाण्यात उभा राहून फोटो काढत होता. शार्क आला, घोटा धरला, लगेच सोडला. मी टॉवेल दाबून धरला होता तरी रक्त बोटांमधून येत होतं. नऊ टाके पडले. दात बारीक पण पात्यासारखे असतात, जखम लहान असली तरी स्वच्छ कापलेली असते. तिथे कचरा टाकू नका असं आम्ही आधी कितीदा सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. अजून वाईट वाटतं. त्या माणसाचं वाटतं आणि त्या शार्कचंही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला मारायची भाषा सुरू झाली होती.

तेव्हा मुलीला एवढं सांगा: मासे साफ करतात किंवा पाव टाकतात तिथे पाण्यात उतरायचं नाही. अंधार पडल्यावर किंवा पाणी गढूळ असेल तेव्हा चालायचं नाही. शार्क जवळ आला तर पळून पाणी उडवायचं नाही, हळूहळू मागे यायचं. शेपटी धरायची नाही, पिल्लाचीसुद्धा, कारण शार्कची हाडं कूर्चेची असतात आणि तो मागे वळून सहज चावू शकतो. आणि चावलंच, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून पाय वर धरायचा आणि डॉक्टर गाठायचा.

पुढे तुम्ही स्वतः डायव्हिंगला गेलात तर राखाडी रीफ शार्क भेटेल. त्याच्याशी जरा अदबीने वागा. तो पाठ कमानीसारखी करून, बाजूचे पर खाली सोडून, डोकं डावीउजवीकडे हलवत पोहायला लागला, तर तो 'मागे हो' म्हणतोय. त्याच्यावर नजर ठेवून मागे व्हा, वाट अडवू नका.

मालदीवने 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, म्हणून तुम्हाला हे दृश्य बघायला मिळतंय. इतरत्र परांच्या व्यापाराने आणि जाळ्यांनी ही जात इतकी घटली की 2020 मध्ये तिची नोंद धोक्यात आलेल्या ('व्हल्नरेबल') जातींमध्ये झाली.

पहिल्या दिवशी मुलीला पाण्यात नेऊच नका. पहाटे सहाला धक्क्याच्या पायरीवर बसवा, पाय वर घेऊन. पाण्यावर चकाकी येऊ नये म्हणून सूर्य पाठीशी ठेवा. चांदीचा थवा कुठे फाटतोय, तेवढंच तिला शोधायला सांगा.