खालच्या गरम पाण्याच्या नळ्यांनी तापणारी आमची फरशी एकाच खोलीत गार राहते आणि नळ्यांतल्या पाण्याचा दाबही रोज उतरतो. प्लंबर म्हणतो फोडा. फोडावी का?

'फरशी फोडूनच बघावं लागेल' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

फोडू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. मॅनिफोल्डवर (बॉयलरचं गरम पाणी खोल्याखोल्यांत वाटणारा जोड) पाच लूप, म्हणजे फरशीखालून फिरून परत येणाऱ्या पाच नळ्या. चार खोल्या मस्त उबदार, कोपऱ्यातली एक गारठलेली. रात्री दाबाच्या गेजवर दीड बार दिसायचा, सकाळी एकच्या खाली. मी रोज उठून नवं पाणी भरायचा फिलिंगचा व्हॉल्व्ह उघडायचो, काटा वर आणायचो आणि कामाला जायचो. दोन महिने! (हा मूर्खपणा माझा, पुढे येतोच.)

मग दाजी आले. बहिणीचे यजमान, बांधकामात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. त्यांनी गार फरशीवर तळवा ठेवला आणि निकाल दिला, "इथेच गळतंय. गळतंय म्हणूनच गार आहे." ऐकायला किती सोपं! मलाही पटलं. पण जरा विचार करा, बारीक गळणाऱ्या लूपमधूनही गरम पाणी फिरतच असतं. फरशी गार पडते ती पाणी फिरत नसल्यामुळे. ही अक्कल मला तेव्हा नव्हती.

दोन फरशा निघाल्या, खाली काँक्रीट कोरडं ठणठणीत. तिसरी काढून छिन्नी खाली घातली आणि पाण्याची चिळकांडी उडाली. दाजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बघ! सापडलं की नाही?" अहो, दाबाखालच्या १६ मिलिमीटरच्या नळीवर छिन्नी मारली तर पाणी उडणारच! आजूबाजूला ओलीचा डाग नाही, आणि म्हणे दोन महिन्यांची गळती. नळी कापून तिथे दोन टोकं जोडणारं कपलिंग टाकावं लागलं. मॅनिफोल्डपासून मॅनिफोल्डपर्यंत अखंड नळी, जमिनीत एकही सांधा नसलेली, हीच तर या कामातली खरी गोष्ट असते. आमच्या जमिनीत आता एक सांधा आहे.

दोन दिवसांनी दाब पुन्हा उतरला. खोली गारच.

मग एक प्लंबर आले, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी फरशीकडे बघितलंसुद्धा नाही. घराबाहेर गेले आणि दाब फार चढला की पाणी सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी भिंतीतून जिथे बाहेर येते, तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. सकाळी पिशवीत पाणी! मग एक्सपान्शन टँकच्या (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी) हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली, सायकलच्या ट्यूबला असते तशी. हवेऐवजी पाणी आलं. म्हणजे आतला रबरी पडदा फाटलेला. १० अंशांचं पाणी ७० अंशांवर गेलं की २ टक्क्यांहून थोडं जास्त फुगतं. त्याला सामावायला टँकमध्ये हवाच नाही, म्हणून दाब ३ बारपर्यंत चढायचा, व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडायचा, आणि थंड झाल्यावर काटा खाली. आणि मी रोज भरत होतो त्या ताज्या पाण्यातून हवा आत येत होती. ती नेमकी सगळ्यात लांब लूपमध्ये अडकून बसली. दुखणं एकच, लक्षणं दोन.

टँक बदलला. बाकी लूप बंद करून त्या एकट्या लूपमधून होज लावून पाणी सोडलं, बुडबुडे संपेपर्यंत. लूपमधून किती पाणी फिरतंय ते दाखवणारं, शून्यावर निपचित पडलेलं फ्लो मीटर हललं. तरी खोली लगेच तापली नाही, फरशीखालचा जाड थर गरम व्हायला कित्येक तास लागतात. तेवढ्यात कुणी हातोडा आणू नये.

तुम्ही काय करायचं? पिशवी बांधा. फ्लो मीटर बघा. ते शून्यावर असेल तर ॲक्च्युएटर (लूपचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारं-मिटणारं यंत्र) काढून खालची पिन वरखाली होते का तेही तपासा, पुष्कळदा ती अडकलेली असते. मग सगळं गार होऊ द्या (गार होताना दाब तसाही उतरतो), बॉयलर आणि मॅनिफोल्डमधले दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवा. गेज बॉयलरच्या बाजूला असेल आणि तरीही काटा पडला, तर फरशी निर्दोष.

आता राहिलेलं. तासाभरात दाब शून्यावर येत असेल तर माझं ऐकू नका, गळती खरी असू शकते. तरीसुद्धा आधी थर्मल कॅमेरा मागवा. गार फरशी तापायला लागते तेव्हा नळ्यांच्या रेषा त्यात दिसतात, मग छिन्नी कुठे मारायची नाही ते तरी कळतं. टँक बॉयलरच्या आत असेल आणि बॉयलर गॅसचा असेल तर स्वतः उघडू नका. विजेच्या तारांची फरशी असेल तर यातलं काहीच लागू नाही, पण तुम्ही दाबाबद्दल लिहिलंय म्हणजे ती नसावी.

कापलेला नळीचा तुकडा मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय. भोक बाहेरून आत गेलेलं, बरोब्बर छिन्नीच्या रुंदीएवढं. दाजी अजूनही चार लोकांत सांगतात की गळती त्यांनी शोधली. तुमच्या पिशवीत सकाळी काय निघालं ते इथे नक्की लिहा, मला त्यांना दाखवायचंय.