‘डावललं’ म्हणण्याआधी अडलं कुठे ते बघा

तुम्ही विचारलंत की ‘होमबाउंड’ ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात पंधरा चित्रपटांच्या यादीपर्यंत पोचला, पण जानेवारी २०२६ मध्ये अखेरच्या पाचांत आला नाही. त्याआधीच्या वर्षी ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ तर आपल्याकडून गेलाच नाही. मग हे सगळं आधीच ठरलेलं असतं का, आणि तसं असेल तर दर वर्षी आपण जीव टांगणीला का लावायचा?

जीव टांगणीला लावण्याबद्दल आधी. लावावा. नामांकनं जाहीर होतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर ती यादी बघणारी माणसं मी पाहिलीत. चित्रपटाबद्दल जिव्हाळा आहे म्हणूनच ती बघतात, आणि आवडीचं नाव नसेल तर हळहळ वाटणारच. माझा आग्रह एवढाच की राग धरायचा तर तो नेमका कुणावर, हे शोधून धरावा. ‘लॉबी आहे’ असं म्हटलं की शोधायचं काही उरतच नाही. खरं तर चित्रपट बऱ्याच टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेणारी माणसं वेगळी असतात.

ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचे मतदार सुमारे दहा हजार. पण नामांकनं ठरवताना सगळे सगळ्यांना मत देत नाहीत. अभिनेत्यांची नावं अभिनेते काढतात, दिग्दर्शकांची दिग्दर्शक, संकलकांची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं तेवढी सगळे मिळून ठरवतात. मतही एकाच नावाला द्यायचं नसतं, पसंतीक्रम लावायचा असतो. विधान परिषदेच्या निवडणुकीत ‘पहिल्या पसंतीच्या मतांचा कोटा’ हे शब्द आपण बातम्यांत ऐकतो ना, साधारण तीच पद्धत. पाच जागा असतील तर कोटा म्हणजे पडलेल्या मतांचा सहावा हिस्सा आणि वर एक मत.

या गणिताने काय होतं ते २०२३ मध्ये दिसलं. ‘टू लेस्ली’ हा अगदी लहान चित्रपट, थिएटरात तो जवळजवळ कुणी पाहिलाही नव्हता. मतदानाच्या शेवटच्या दिवसांत हॉलिवुडमधल्या नामवंत नटनट्यांनी एकापाठोपाठ एक अँड्रिया राइझबरोच्या कामाची जाहीर तारीफ सुरू केली आणि तिचं नाव थेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाचांत आलं. सगळे चाट पडले. आता हिशोब बघा. अभिनेत्यांच्या शाखेत तेव्हा साधारण तेराशे मतदार होते. सगळ्यांनी मतं दिली असं धरलं तरी कोटा जातो सव्वादोनशेच्या आतच. म्हणजे एवढ्या जणांनी तिला पहिली पसंती दिली की काम झालं. बाकीच्या हजारांनी चित्रपट पाहिला नसला तरी बिघडत नाही. याची दुसरी बाजू जास्त दुखरी आहे. सगळ्यांना आवडलेली, पण बहुतेकांच्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलेली अभिनेत्री बाहेर राहू शकते. त्या वर्षी व्हायोला डेव्हिस आणि डॅनियल डेडवायलर या दोघींची नावं आली नाहीत. दोघीही कृष्णवर्णीय, त्यामुळे त्यावरून प्रश्न उठले आणि ते रास्तच होते. राइझबरोसाठी झालेल्या प्रचाराची ॲकॅडमीने चौकशी केली, नामांकन कायम ठेवलं आणि पुढे प्रचाराचे नियम आवळले.

‘बार्बी’च्या वेळी, २०२४ मध्ये, असाच गदारोळ झाला. केनचं काम करणाऱ्या रायन गॉसलिंगला नामांकन मिळालं. बार्बी झालेल्या मार्गो रॉबीला आणि दिग्दर्शक ग्रेटा गर्विगला मिळालं नाही. सगळीकडे असं बोललं गेलं की जणू एकाच माणसाने केनला आत घेतलं आणि या दोघींना दाराबाहेर ठेवलं. पण गॉसलिंगचं नाव अभिनेत्यांनी काढलं आणि गर्विगचं राहिलं ते दिग्दर्शकांच्या मतदानात. पटकथा लेखकांनी तर तिला नामांकन दिलंच, आणि निर्माती म्हणून रॉबीचं नावही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होतं. म्हणून अन्याय झालाच नाही असं मला म्हणायचं नाही. दिग्दर्शकांची शाखा विनोदी आणि लोकप्रिय चित्रपटांना कमी लेखते असं मला मनापासून वाटतं, आणि तसं म्हणायचं तर त्या शाखेचं नाव घेऊन म्हणावं. २०१३ मध्ये बेन ॲफ्लेकला याच शाखेने वगळलं आणि त्याचा ‘आर्गो’ त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. २०२२ मध्ये ‘कोडा’ची दिग्दर्शक शिआन हेडर यादीत नव्हती, चित्रपट मात्र जिंकला.

राग नेमक्या ठिकाणी धरला तर उपयोग होतो याचे दाखले आहेत. मला त्यातला ‘हूप ड्रीम्स’चा सगळ्यात मोलाचा वाटतो. शिकागोतल्या दोन बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांवरचा, जवळपास तीन तासांचा हा माहितीपट. १९९५ मध्ये माहितीपटांच्या नामांकनांत तो नव्हता. रॉजर एबर्ट आणि जीन सिस्कल या समीक्षकांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही, निवड होते कशी ते त्यांनी खणून काढलं. तेव्हा कळलं की निवड समितीचे सदस्य अंधारात टॉर्च घेऊन बसत. चित्रपट नकोसा झाला की टॉर्च लावायचा, आणि पुरेसे टॉर्च लागले की चित्रपट तिथेच बंद. ‘हूप ड्रीम्स’ असाच काही मिनिटांत बंद पडला होता. बनवणाऱ्यांनी त्या मुलांच्या मागे कितीतरी वर्षं कॅमेरा धरला होता, आणि निवडणाऱ्यांनी तो संपेपर्यंतही पाहिला नाही. हे बाहेर आल्यावर माहितीपट निवडण्याची पद्धत बदलावी लागली. नंतर ‘द डार्क नाइट’ वगळला गेल्यावर पुढच्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच जागांच्या दहा झाल्या. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांनाच मिळाली, तेव्हा सदस्यत्वावरच बोट ठेवलं गेलं आणि ॲकॅडमीला नवे सदस्य घेण्याची रीत बदलावी लागली.

आता आपल्या घरचं बोलू.

‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मधली छाया कदमची पार्वती आठवा. इस्पितळात स्वयंपाक करणारी विधवा बाई. नवऱ्यामागे राहती खोली आपलीच आहे हे सिद्ध करायला तिच्याजवळ कागद नाही आणि बिल्डर दारात उभा. ती आणि त्याच इस्पितळातली नर्स प्रभा एका रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. मी पाहिला त्या शोला लोक फार नव्हते, पण त्या दगडासरशी माझ्या मागच्या रांगेतल्या एक काकू ‘हाण!’ म्हणाल्या. पुढे पार्वती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडे गावी जाते. गिरणगावात ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फ्रान्समधल्या कान महोत्सवात २०२४ साली ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवलेल्या, गोल्डन ग्लोबला पायल कपाडियाला दिग्दर्शनाचं नामांकन मिळवून दिलेल्या या चित्रपटाबद्दल ऑस्करला भारताचा चित्रपट निवडून पाठवणाऱ्या आपल्या फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं की ज्युरीला तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. त्या तेरा जणांच्या ज्युरीत एकही स्त्री नव्हती. निवडला गेला ‘लापता लेडीज’. तो गोड चित्रपट आहे, मला आवडतो, त्याच्यावर राग नाही. पण पंधराच्या यादीतही तो गेला नाही. त्या यादीत होता संध्या सुरीचा ‘संतोष’, हिंदीतला, उत्तर भारतात घडणारा, आणि तो पाठवला होता ब्रिटनने.

इथे कुठल्याही परदेशी लॉबीने काही केलेलं नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात एका देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि तो ठरतो इथे, आपल्याच माणसांत. २०१३ मध्ये ‘द लंचबॉक्स’चंही हेच झालं. मुंबईच्या डबेवाल्यांवर बेतलेली ती गोष्ट जगभर गाजत होती आणि आपण पाठवला ‘द गुड रोड’. फ्रान्सचाही असाच पचका झाला, हेही सांगितलं पाहिजे. २०२३ मध्ये त्यांनी ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ मागे ठेवून दुसरा चित्रपट पाठवला. तो पाचांत आला नाही. ‘ॲनाटॉमी’ला मात्र इतर विभागांत पाच नामांकनं आणि पटकथेचं ऑस्कर मिळालं. म्हणजे देशाने न पाठवलेल्या चित्रपटाला बाकीचे विभाग खुले असतात. लॉस एंजेलिससारख्या ठरावीक अमेरिकी शहरात किमान सात दिवस थिएटरात चालवला आणि कागदपत्रं वेळेत दिली की बहुतेक विभागांसाठी झालं; सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र आणखी अटी असतात. ‘आरआरआर’चं ‘नाटू नाटू’ याच वाटेने जिंकलं, कारण त्या वर्षी भारताचा अधिकृत चित्रपट ‘छेल्लो शो’ होता.

अशा पात्रतेच्या नियमांमुळे दर जानेवारीत आपल्याकडे ‘अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशा बातम्या येतात. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पात्र ठरलेल्या चित्रपटांची संख्या २०७ होती. त्या यादीत नाव असणं म्हणजे अर्ज नीट भरला गेला आणि पात्रतेच्या अटी पाळल्या गेल्या, एवढंच. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की आपण उंबरठ्यावर आहोत, आणि नामांकन नाही आलं की तोंडाला पानं पुसल्यासारखं होतं. हा अपेक्षाभंग बातमीने केलेला असतो.

मराठीपुरतं बोलायचं तर भारताकडून आपले तीन चित्रपट गेले: ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’. एकालाही नामांकन मिळालं नाही. पैकी ‘श्वास’च्या वेळचं वातावरण ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. तिकडे जाऊन मतदारांना चित्रपट दाखवायला पैसे लागतात, आणि ते निर्मात्यांकडे नव्हते. मग लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनीसुद्धा. चित्रपट दाखवलाच गेला नाही तर मतदार तो बघणार कधी आणि मत देणार कसं? ‘लगान’ला नामांकन मिळालं त्यामागे आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर तिकडे तळ ठोकून राहिले, हेही होतंच. पैशाच्या या अडसराबद्दल बोलताना मला ‘लॉबी’ हा शब्द काही अंशी मान्य आहे. पण ज्याला त्यावर उपाय हवा त्याने सरकारकडे प्रचारनिधी मागावा, तोही निवड जाहीर झाल्याबरोबर. डिसेंबरात मागून हाती काही लागत नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांचं थोडक्यात. तिथे नामांकनांची यादीच नसते, ज्युरी थेट विजेते सांगते. त्यामुळे कोण थोडक्यात हुकलं हे आपल्याला कधी कळत नाही, आणि नाराजी दाखवायची तर ज्युरीच्या नेमणुकीबद्दलच दाखवावी लागते. खाजगी सोहळ्यांवर मी वेळ घालवत नाही.

उरला ‘होमबाउंड’. नीरज घायवानचा हा चित्रपट आपल्या ज्युरीने पाठवला, आणि ती निवड चोख होती. पुढे ऐंशीहून अधिक देशांच्या चित्रपटांतून तो पंधरांत गेला. शेवटच्या टप्प्यावर पंधराही चित्रपट पाहिलेल्या सदस्यांनाच मत देता येतं, म्हणजे न पाहता कुणी बाजूला सारलं असं म्हणायला जागा नाही. आणि जे पाच आले ते बघा. ‘इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार, ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ला ग्रां प्री, ‘द सीक्रेट एजंट’ला दिग्दर्शन आणि अभिनयाचे, ‘सिरात’ला ज्युरीचा, ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’ला व्हेनिसमध्ये ग्रँड ज्युरी पुरस्कार. पाचही मुख्य स्पर्धांत गाजलेले. ‘होमबाउंड’ कानला होता, पण मुख्य स्पर्धेत नाही. त्याचं न येणं मला लागलं, त्या दोन मित्रांच्या घराकडच्या प्रवासाने मी आतून हललो होतो. तरी याला मी डावलणं म्हणणार नाही.

‘ऑल वुई इमॅजिन’च्या बाबतीत म्हणेन, आणि त्याचा जाब मागायची जागा इथेच आहे. निवड सप्टेंबरच्या सुमारास होते, तेव्हा बोलायचं तर त्याआधी. फेडरेशनने ज्युरीची नावं आधी जाहीर करावीत, ज्युरीत स्त्रिया आणि विविध भाषांतले लोक असावेत, विचारात घेतलेल्या चित्रपटांची यादी आणि निवडीची कारणं लेखी द्यावीत, एवढ्या मागण्यांचं पत्र फिल्म सोसायट्यांच्या सह्यांनिशी जाऊ शकतं. तुमच्यापैकी कुणी सह्या गोळा करणार असेल तर मसुदा मी लिहून देतो.